हाक एकाला, सातबारावर चार नावे

पत्राचा सारांश: जालना जिल्ह्यातील 44 वर्षांच्या एका ख्रिस्ती वाचकांनी हे पत्र पाठवले आहे. बियाणे कंपनीच्या प्रक्रिया केंद्रात ते 16 वर्षांपासून पर्यवेक्षक आहेत. पत्नी अंगणवाडी सेविका आहेत, मुलगी यंदा दहावीला, मुलगा सहावीत आणि आई सोबत असते. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास बीडच्या रस्त्यावर ऊसतोडीला निघालेली एक ट्रॅक्टर-ट्रॉली त्यांनी पाहिली. भांडी भरलेले पिंप, त्यावर गोधड्या, एक बांधलेली शेळी आणि सर्वांत वर शाळेचे दप्तर पाठीला लावून बसलेली सात-आठ वर्षांची मुलगी. पुढे उपासकाळात, पहाटेच्या प्रार्थनेत, ऊसतोड मजुरांच्या मुलांजवळ जाऊन राहावे अशी देवाची हाक त्यांना स्पष्ट जाणवली. प्रार्थनागटातील एका ज्येष्ठ बंधूंना त्यांनी हे सांगितले. त्यांच्या मते दसऱ्याआधी नोकरीचा राजीनामा द्यावा, वडिलांच्या मागे राहिलेली 3 एकर कोरडवाहू जमीन विकावी, त्या पैशातून वसतिगृह उघडावे आणि तोपर्यंत रक्कम त्या बंधूंच्या ट्रस्टच्या खात्यात ठेवावी. ‘अब्राहामाने हिशेब केला नव्हता, उशीर करणारा तो योना,’ असे ते बायबलमधील कथांचा दाखला देऊन म्हणतात. मंडळीचे पाळक थांबायला सांगतात, धाकट्या भावाने बोलणे टाकले आहे आणि पत्नी ‘तुम्ही ठरवाल ते’ एवढेच म्हणतात. वाचकांचा प्रश्न असा: देवाची आज्ञा माणसाच्या हिशेबात बसत नसेल, तर हिशेब करत बसणे हाच अविश्वास नव्हे काय?

प्रिय बंधू,

तुमचे पत्र लांब आहे, आणि बरे झाले की ते लांब आहे, कारण त्यातील एक गोष्ट थोडक्यात लिहिताना नक्की सुटली असती. पहाटेच्या प्रार्थनेविषयी तुम्ही लिहिले आहे त्या भागात राजीनामा नाही, जमीन नाही, दसऱ्याची मुदत नाही आणि ट्रस्टही नाही. तिथे फक्त मुले आहेत आणि ‘त्यांच्याजवळ जा’ एवढेच आहे. बाकीचे सर्व पुढच्या पानावर येते आणि प्रत्येक वेळी ‘बंधू म्हणाले’ या शब्दांनी सुरू होते. तरी प्रश्न विचारताना तुम्ही या दोहोंना मिळून ‘देवाची आज्ञा’ म्हटले आहे. माझे उत्तर या ठिकाणापासूनच सुरू होते: तुमचे पाचारण, म्हणजे देवाची हाक, एक आणि त्याला नंतर जोडल्या गेलेल्या अटी दुसऱ्या. पाचारण खरे असू शकते आणि अटी खोट्या असू शकतात.

तुमच्या पाचारणाला लोक वेडेपणा म्हणतात, हे मला पटत नाही. आईवडील कोयता घेऊन पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात असताना गावी आजीजवळ राहिलेल्या मुलाच्या जेवणाची, अभ्यासाची आणि रात्रीची काळजी कोणीतरी घ्यावी, यात अविचार कोणता? आजी थकलेली असेल किंवा नसेलच, तर मूल फडावर जाते आणि वर्षाची शाळा बुडते, हे बीड, जालना, परभणीच्या माणसाला सांगावे लागत नाही. अविचार वाटतो तो 16 वर्षांची नोकरी एका अर्जावर सोडण्यात आणि जमीन विकण्यात. लोक या अटींना हसतात आणि तुम्हाला वाटते की ते देवाच्या हाकेला हसत आहेत.

आता अब्राहामाविषयी. त्याने हिशेब केला नव्हता, हे वाक्य मी अनेक उपदेशांत ऐकले आहे आणि ते अर्धेच खरे आहे. कुठे जायचे हे ठाऊक नसताना तो 75 व्या वर्षी हारानाहून निघाला, ही श्रद्धा खरीच. परंतु त्याच अध्यायात असेही लिहिले आहे की त्याने बायकोला, पुतण्याला, मिळवलेली सर्व मालमत्ता आणि पदरची माणसे सोबत घेतली. हाक ऐकली म्हणून मालमत्ता कोणा तिसऱ्याच्या स्वाधीन करून तो निघाला नव्हता. पुढे पापी सदोम नगराचा नाश टळावा म्हणून तो थेट देवासमोर उभा राहून 50 नीतिमान माणसांपासून 10 पर्यंत घासाघीस करतो, आणि देव प्रत्येक वेळी त्याला उत्तर देतो. विचारणे हा अविश्वास असता, तर तो संवाद पवित्र शास्त्रात अशा रीतीने आला नसता. राहता राहिला मोरियाचा डोंगर, जिथे अब्राहाम आपल्या मुलाचा बळी द्यायला निघाला होता. तरुण मुले असलेल्या घरात त्याग मागायचा असला की ही कथा हटकून सांगितली जाते. त्या डोंगरावर मुलाचा बळी देवानेच थांबवला, हा शेवट मात्र बरेच जण घाईत गाळतात.

तुमच्यासाठी अब्राहामापेक्षा यिर्मया हा संदेष्टा अधिक जवळचा आहे, असे मला वाटते, कारण त्याच्या प्रसंगात जमीनच आहे. यरुशलेमेला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडलेला, यिर्मया स्वतः राजवाड्याच्या चौकीत कैदेत, आणि नगर पडणार हे त्यानेच वारंवार सांगितलेले. अशा वेळी देव त्याला अनाथोथातील शेत विकत घ्यायला सांगतो. जी जमीन शत्रूच्या हाती जाणार ती पैसे मोजून घ्यायची, याहून अव्यवहारी आज्ञा शोधून सापडणार नाही. तरीही यिर्मयाच्या पुस्तकाचा 32 वा अध्याय सावकाश वाचा. चुलतभाऊ हनामेल शेताचे बोलणे घेऊन येईल, असे देव आधी सांगतो. तो खरोखर आल्यावरच यिर्मया लिहितो की हे परमेश्वराचे वचन आहे हे मला कळले. म्हणजे ऐकलेल्या शब्दाला बाहेरून दुजोरा मिळेपर्यंत संदेष्टाही थांबला. मग त्याने 17 शेकेल रुपे तराजूत तोलून दिले, खरेदीखत लिहिले, त्यावर मोहर केली, साक्षीदार घेतले, एक प्रत मोहरबंद व एक उघडी ठेवली आणि दोन्ही मातीच्या भांड्यात जपून ठेवायला आपला लेखनिक बारूख याच्याकडे सोपवल्या. आज दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जे होते त्यातले फारसे काही त्याने सोडले नाही. हे सर्व आटोपल्यावर तो प्रार्थनेत देवाला विचारतो की नगर शत्रूच्या हाती चालले आहे आणि तू मला शेत घ्यायला सांगतोस, हे काय? आज्ञा पाळली, कागद चोख केला आणि शंकाही बोलून दाखवली; यांतील कोणत्याही गोष्टीने दुसरीला बाधा आली नाही.

आणखी एक तपशील सहज नजरेतून निसटतो. यिर्मयाने स्वतःचे रुपे मोजले, आणि ते शेत सोडवून घेण्याचा हक्क नात्याने त्याचाच होता. तुम्ही विकायला निघालेली जमीन मात्र तुमची एकट्याची नाही. पत्रात तुम्हीच लिहिले आहे की सातबारावर आई, तुम्ही, भाऊ आणि परतूरला दिलेली बहीण अशी चार नावे आहेत. वडिलांनी मृत्युपत्र केले नव्हते, असेही तुम्ही लिहिता. ख्रिस्ती कुटुंबात अशा वेळी भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 लागू होतो. त्यानुसार विधवेचा तिसरा हिस्सा आणि उरलेले दोन हिस्से मुलगा-मुलगी असा भेद न करता सर्व अपत्यांना सारखे. तुमच्या 3 एकरांपैकी एक एकर आईचा आहे आणि उरलेल्या दोन एकरांत तुम्ही तिघे भावंडे सारखे वाटेकरी. ‘बहीण नाही म्हणणार नाही’ असे तुम्ही लिहिले आहे. बहीण नाही म्हणणार नाही हे ठाऊक असल्यामुळेच तिला विचारायचे राहून जाते, हे आपल्याकडे काही नवे नाही. देवाने तुम्हाला जे मागितले असेल ते तुमच्याकडून मागितले आहे. भावाच्या आणि बहिणीच्या वाट्यातून तुम्ही देवाची सेवा करू शकत नाही. त्यांनी मनापासून दिले तर गोष्ट वेगळी, पण मग ती त्यांची सेवा होईल. भावाचा राग अविश्वासातून आला आहे असे तुम्ही गृहीत धरले आहे. माझा कयास असा की त्याला व्यवहाराची बातमी तुमच्याकडून न कळता दुसऱ्याच कोणाकडून कळली असावी.

पत्नीविषयी तुम्ही सर्वांत कमी लिहिले आहे आणि मला सर्वांत जास्त लिहावेसे वाटते. ‘तुम्ही ठरवाल ते’ ही संमती नाही. अंगणवाडी सेविकेच्या मानधनावर घर, आईची औषधे आणि दहावीनंतरचे शिक्षण कसे चालेल, हे त्यांना महिन्याच्या प्रत्येक तारखेसह ठाऊक आहे, आणि ते बोलून दाखवले तर आपण देवाच्या आड आलो असे ठरेल, ही भीती त्यांना गप्प ठेवत असावी. मराठी ख्रिस्ती समाजाला तरी हे अनोळखी नसावे. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांचा निर्णय खरा होता याविषयी मला शंका नाही. परंतु पुढची काही वर्षे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी लहान मुलाला घेऊन नातलगांच्या आधाराने काढली, आणि 1900 मध्ये त्या स्वतः बाप्तिस्म्यापर्यंत आल्या त्या आपल्या विचाराने, आपल्या वेळी. पतीची हाक पत्नीवर आपोआप लागू होत नाही. अब्राहामाच्या ज्या 12 व्या अध्यायाचा दाखला तुम्हाला दिला जातो, त्याच अध्यायाच्या उत्तरार्धात तो मिसरात जिवाच्या भीतीने बायको साराय आपली बहीण असल्याचे सांगतो आणि तिला फारोच्या घरात जाऊ देतो. तिथे देव उभा राहिला तो सारायच्या बाजूने. हाक ऐकून निघालेला माणूसही वाटेत बायकोला संकटात घालू शकतो, हे शास्त्राने लपवलेले नाही.

म्हणून त्यांच्याशी एकदा नीट बोला. प्रार्थनागटात नको, जेवणाच्या ताटावर नको आणि पाळकांच्या उपस्थितीत तर मुळीच नको. सुरुवातीलाच सांगा की तुझे उत्तर ‘नाही’ असले तरी मी ते देवाविरुद्ध धरणार नाही, आणि तसे खरोखर वाटत नसेल तर वाटेपर्यंत बोलणे पुढे ढकला. मुलीचेही ऐका. दहावीच्या वर्षात घराचे काय होणार हे न कळणे किती जड असते, ते ती तुम्हाला स्वतःहून सांगणार नाही.

ट्रस्टविषयी मी स्पष्ट लिहितो. ते बंधू प्रामाणिक असतीलही. मी त्यांना ओळखत नाही. परंतु जो माणूस घाई करायला सांगतो आणि घाईतून सुटणारे पैसे ज्याच्या खात्यात जातात, तो एकच असेल, तर त्याचा सल्ला या बाबतीत तरी बाजूला ठेवावा. ट्रस्टचा धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणी क्रमांक, विश्वस्तांची नावे आणि गेल्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब मागा. मागताना संकोच वाटून घेऊ नका. चांगल्या संस्थेला हे कागद दाखवण्यात आनंदच वाटतो. ‘देवाच्या कामात कागद कशाला’ असे उत्तर आले, तर तुमचा निर्णय झाला असे समजा. आणि कागद निर्दोष निघाले तरी ‘तूर्त ठेवा’ या बोलीवर एक रुपयाही त्या खात्यात टाकू नका.

योनाची भीती मनातून काढून टाका. योना या संदेष्ट्याला निनवे नगराला जाण्याची आज्ञा कळली नव्हती असे नाही. ती पक्की कळली होती, आणि म्हणूनच तो यापोला जाऊन, भाडे भरून, निनवेच्या उलट दिशेच्या तार्शीशला जाणाऱ्या जहाजात बसला. तुम्ही कुठे पळत आहात? तुम्ही नेमके काय ऐकले याची शहानिशा करत आहात. लहान शमुवेलाने रात्री आपल्याला कोण हाक मारते हे न कळल्यामुळे तीनदा उठून याजक एलीकडे धाव घेतली, तेव्हा त्याला कोणी अवज्ञा करणारा म्हटले नाही, आणि चौथ्यांदा हाक आलीच. हाक खरी असेल तर ती दसऱ्याच्या मुहूर्ताला बांधलेली नसते.

एक चौकशी जाता जाता करतो. उपासानंतर अजूनही झोप लागत नाही आणि जेवण कमी झाले आहे, असे तुम्ही ओझरते लिहिले आहे. डॉक्टरांना दाखवून या. संदेष्टा एलीया खचून झुडपाखाली पडला होता, तेव्हा देवाच्या दूताने त्याला आधी भाकर आणि पाणी दिले, झोपू दिले, पुन्हा खायला दिले. बोलणे त्यानंतर झाले.

आता या हंगामात काय करता येईल ते पाहू. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतील. मुकादमाकडून उचल घेतलेली असल्यामुळे त्यांना थांबता येत नाही, म्हणून मागे राहणाऱ्या मुलांचा प्रश्न तुमच्या तालुक्यातही पुढच्या काही आठवड्यांतच उभा राहील. या मुलांसाठी शासनाची हंगामी वसतिगृहांची व्यवस्था आहे आणि ती बहुतेक ठिकाणी शाळा व्यवस्थापन समितीमार्फत चालते. काही गावांत मुले दिवसा तिथे जेवतात आणि रात्री नातलगांकडे झोपतात. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाची शासकीय वसतिगृह योजनाही आहे. ही व्यवस्था कागदावर असणे आणि गावात चालणे यांत पुष्कळ अंतर पडते, आणि ते भरून काढायला संध्याकाळी येणारा भरवशाचा माणूस लागतो. तुम्ही त्या तालुक्यातील एखाद्या जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटा. शनिवार, रविवार आणि साठलेली रजा यांत मिळून मार्चपर्यंत तुम्हाला बरेच दिवस काढता येतील. पाढे घ्या, भाकरी वाढा, आजारी पडलेल्या मुलाला ग्रामीण रुग्णालयात न्या, आणि आईवडिलांशी फोनवर बोलणे करून द्या. कोणाच्या श्रद्धेला हात लावू नका. पोटाच्या बदल्यात धर्म सांगणे हे त्या मुलांवर अन्यायाचे आणि ख्रिस्ताच्या नावाला कमीपणा आणणारे होईल. ट्रॉलीवर बसलेली मुलगी तुमच्या डोळ्यांसमोर आहे, परंतु एका मुलीचे दप्तर पाहणे आणि वीस मुलांची रात्रीची भांडणे सोडवणे या अगदी निरनिराळ्या गोष्टी आहेत. दुसरी जमते की नाही, आणि जमल्यावर आवडते की नाही, हे तुम्हाला अजून माहीत नाही. ते कळण्यासाठी जमीन विकावी लागत नाही.

स्वतंत्र वसतिगृहाचा विचार पुढे झालाच, तर काळजी व संरक्षणाची गरज असलेली मुले निवासी ठेवण्यासाठी बाल न्याय अधिनियम, 2015 खाली संस्थेची नोंदणी लागते. विनानोंदणी संस्था चालवल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. जिल्हा बाल संरक्षण कक्षात जाऊन आधीच विचारून घ्या. ‘चांगल्या हेतूने ठेवली होती’ हा बचाव तिथे चालत नाही आणि चालूही नये, कारण मुलांचा प्रश्न आहे. बुरूज बांधायचा असेल तर आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, असे लूकच्या 14 व्या अध्यायात सांगणारा प्रभू येशू स्वतः आहे, आणि ते त्याने शिष्यत्वाची किंमत सांगतानाच म्हटले आहे. हिशेब करणारा अविश्वासी, हे मत निदान त्याचे नव्हते.

दुसऱ्या बाजूनेही विचार करून ठेवा. हंगाम संपल्यावर ओढ आजच्याइतकीच किंवा अधिक असेल, पत्नी खरोखर राजी असतील आणि पाळक व दुसरा एखादा जाणता माणूसही हे ओळखत असेल, तर नोकरी सोडण्याचा विचार मी अव्यवहारी म्हणणार नाही, भले पगार निम्म्यावर आला तरी. तेव्हा लोक हसले तर हसू द्यावेत. सगळे जुळून आल्याखेरीज पाऊल टाकणार नाही असे म्हणणाऱ्याला कधीच पाऊल टाकावे लागत नाही, आणि तुमच्या पाळकांच्या ‘थांबा’विषयी मला हीच शंका आहे. त्यांना आदराने विचारा की कशासाठी आणि किती दिवस थांबायचे. तालुक्याच्या गावातील जाणता आणि वर्गणी नियमित देणारा सभासद मंडळी सोडून जाऊ नये, एवढ्यासाठी ते थांबवत असतील, तर तेही पाचारणाचे परीक्षण नव्हे.

हाक येते ती नेहमी निघण्याचीच असते, हेही गृहीत धरू नका. गरसेकरांच्या प्रांतात बरा झालेला माणूस येशूबरोबर तारवात बसायला निघाला होता. त्याला सांगण्यात आले की आपल्या घरी, आपल्या लोकांकडे जा. आपल्याच मराठवाड्यात एकनाथांविषयी अशीच कथा सांगतात: देवगिरीला जनार्दनस्वामींची सेवा आणि त्यानंतर तीर्थयात्रा करून परतताना त्यांना गुरूंचे पत्र मिळाले की पैठणलाच राहा, संसार करा; आणि नाथांचे पुढचे सगळे काम पैठणच्या गल्लीबोळांतच झाले. तुमच्या बाबतीत उत्तर हेच असेल असे मी म्हणत नाही. बियाण्याच्या केंद्रात हंगामी कामाला येणाऱ्या बायकांची मुलेही पोत्यांच्या थप्पीजवळ खेळतात, हे तुम्हीच पत्राच्या दुसऱ्या पानावर एका ओळीत लिहून गेला आहात, म्हणून आठवण दिली.

अशी पत्रे लिहिणारे तुम्ही एकटे नाही. कोणाला नोकरी सोडून सेमिनरीत जायचे असते, कोणाला दुकान विकायचे असते, तर कोणाला औषधे बंद करून केवळ प्रार्थनेवर राहायचे असते. औषधे बंद करण्याबद्दल मात्र मी कोणतीही सवलत देत नाही; कुष्ठरोगी नामानाला बरे होण्यासाठी यार्देन नदीत सात वेळा बुडी मारायला सांगितले होते, घरातल्या मधुमेही आईची इन्सुलिन थांबवायला कोणत्याही संदेष्ट्याने सांगितलेले नाही. बाकीच्यांनी आपले पत्र पाठवण्याआधी एका कागदावर दोन रकाने करावेत. प्रार्थनेत नेमके काय कळले ते त्याच शब्दांत एकात लिहावे, आणि नंतर कोणी काय जोडले ते नावानिशी दुसऱ्यात. पुष्कळदा पहिला रकाना एका ओळीचा निघतो.

तुमची मुलगी मार्चमध्ये परीक्षेतून मोकळी होईल आणि गाळप हंगामही त्याच सुमारास आटोपत येतो. तोवर राजीनामा नको, जमिनीचे बोलणे नको, भविष्य निर्वाह निधीलाही हात नको. भावाकडे या आठवड्यातच जाऊन या आणि बहिणीला फोन करा. एप्रिलमध्ये मला पुन्हा लिहा, आणि त्या पत्रात निम्मे पान पत्नीसाठी कोरे सोडा. त्यांनी काय लिहिले ते तुम्ही वाचू नये, पाकीट त्यांनाच बंद करू द्यावे.